संशयाचा फायदा कुणाला?

कोर्टाच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं : न्यायालयाने आरोपीला संशयाचा फायदा देत निर्दोष मुक्त केलं. ते वाचून कधी चीड येते, कधी हायसं वाटतं, पण त्यामागचं तत्त्व आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दोषी सुटला तरी एक वेळ चालेल, निर्दोष अडकता कामा नये. चूक होणारच असेल तर ती कुठल्या बाजूला झालेली परवडेल, हे फौजदारी न्यायाने आधीच ठरवून ठेवलंय. शिवाय गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारवर टाकलंय. कारण सरकारकडे पोलीस आहेत, वकील आहेत, वेळ आहे आणि पिंजऱ्यातला माणूस एकटा आहे.

आता सरकार तेच, फक्त इमारत बदलू. तहसील कार्यालयात निराधार योजनेचं टेबल असतं. तिथे येणाऱ्या बाईवर कसलाही आरोप नाही. नवरा गेला, कमावणारं कुणी नाही, एवढंच तिचं म्हणणं. पण या टेबलावर संशयाचा फायदा तिला मिळत नाही. नवरा गेल्याचा, उत्पन्न नसल्याचा, इथेच राहत असल्याचा पुरावा तिनेच आणायचा. पैसे सुरू झाल्यावर दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखलाही तिनेच द्यायचा. कागदात कुठे फट राहिली, तर त्या फटीचा फायदा सरकारला मिळतो.

चोरीचा आरोप असलेल्या माणसाला आपण जो विश्वास देतो, तो मदत मागायला आलेल्या माणसाला का देत नाही? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलंय.

आपल्या राज्यात या कामासाठी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य नावाचा विभाग आहे, महिला व बालविकास नावाचा विभाग आहे. नावं सुंदर आहेत. विभागाचं ध्येय काय, असं विचारलं तर उत्तर भिंतीवरच्या फलकावर असतं. पण मला वाटतं, कुठल्याही कल्याणकारी खात्याचं खरं ध्येय एकाच गोष्टीवरून ओळखावं : ते खातं कुठल्या चुकीला घाबरतं? या कामात चुका दोनच प्रकारच्या असतात. ज्याला द्यायला नको होतं त्याला दिलं, ही एक. ज्याला द्यायला हवं होतं त्याला दिलं नाही, ही दुसरी. एक चूक कमी करायला गेलं की बहुतेकदा दुसरी वाढते. त्यामुळे 'आम्ही दोन्ही टाळतो' हे उत्तर चालत नाही. कुठेतरी काटा ठेवावा लागतो, आणि तो कुणीतरी ठेवलेला असतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. महिन्याची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाली. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. भागाकार करून बघा : महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५८ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एखादी विधवा सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने वर्षात ६८ दिवस राबली, की सरकारच्या हिशोबाने ती निराधार उरत नाही.

ही मर्यादा खरोखर पाळली तर योजनेत कुणी बसणारच नाही. मग लोक काय करतात? उत्पन्नाच्या दाखल्यावर २१,००० च्या आतला आकडा येईल अशी व्यवस्था करतात. हे तलाठ्याला माहीत असतं, तहसीलदारांना माहीत असतं, आमदारांना माहीत असतं. नियमानेच प्रत्येक अर्जदाराला थोडं खोटं बोलायला लावलं आहे. आणि एकदा सगळेच थोडे खोटे ठरले, की उद्या कुणाचंही नाव कापायला कारण तयार असतं. संशय घेणारी व्यवस्था संशयाला लागणारा मालमसालाही स्वतःच बनवते, तो असा.

मी काही काळ वस्तीतल्या लोकांचे असे अर्ज भरून द्यायचो. आमच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केल्यामुळे बोटांचे ठसे पुसट झालेले. एकदा चार महिने खात्यात पैसे आले नाहीत. चौकशी केली तर हयातीचा दाखला नोंदला गेला नव्हता. काकू टेबलासमोर उभ्या, समोरचे भाऊसाहेब त्यांच्याकडे बघून बोलतायत, आणि बोलणं चाललंय ते काकू जिवंत असल्याचा कागद कुठे आहे याचं. मी जरा आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, माझं पण ऐक. चुकीचं नाव चालू राहिलं तर मला नोटीस येते. खरं नाव बंद पडलं तर आजवर मला कुणी विचारलेलं नाही."

बाहेर आल्यावर मला वाटलं काकू चिडतील. त्या म्हणाल्या, "त्यांचंबी बराबर हाय की. कुणीबी येऊन म्हनंल मी हाय म्हनून." पैसे पुढे सुरू झाले. मधले चार महिने आले नाहीत. त्या काळात काकूंनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली. हे त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही हसत.

भाऊसाहेबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने आपल्या खात्याचं ध्येय मला फलकापेक्षा प्रामाणिकपणे सांगितलं होतं. एका चुकीसाठी कारणे दाखवा नोटीस आहे, दुसऱ्या चुकीसाठी रकानाच नाही. अशा ठिकाणी शहाणा कारकून काय करेल? शंका आली की परत पाठवेल. ही वृत्ती काही त्याच्या टेबलावर जन्मली नाही. कुठल्या चुकीची नोंद ठेवायची हे वर, सचिव आणि मंत्री यांच्या पातळीवर ठरतं. म्हणून मी त्याला नेतृत्वाचा प्रश्न म्हणतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. पैसा जनतेचा आहे. तो मर्यादित आहे. एक खोटं नाव आत आलं तर एक खरं नाव बाहेर राहू शकतं. एखादा प्रामाणिक तहसीलदार कडक वागतो तेव्हा तो गरिबांचाच वाटा राखत असतो, असं म्हणता येतं. आणि फसवणूक होते, यात शंका नाही. 'लाडकी बहीण' योजनेत १४ हजारांहून जास्त पुरुषांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये समोर आलंच.

पण त्याच योजनेकडे जरा नीट बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात ती जाहीर झाली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, असं ठरलं. काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त महिलांच्या खात्यात पैसे गेले. जुलै २०२५ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं, की सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय, त्यांचे पैसे जूनपासून थांबवले आहेत, जिल्हाधिकारी तपासणी करतील आणि पात्र ठरतील त्यांचे पुन्हा सुरू होतील. त्यातल्या अनेक जणी खरोखर नियमात बसत नसतील. पण क्रम बघा. पैसे आधी थांबले, तपासणी नंतर. पुढे ई-केवायसी आली, त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. जिचे दोघेही हयात नाहीत तिने काय करायचं, याची सोय मागाहून करावी लागली. म्हणजे जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तीच पडद्यावरच्या रकान्यात बसत नव्हती.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, संशयाचा फायदा नागरिकाला देणं सरकारला जमतं. कागद कमी करता येतात, आणि झपाट्याने करता येतात. दोन, तो फायदा द्यायचा की नाही हे तत्त्वाने ठरलेलं नसेल, तर ते कॅलेंडरने ठरतं.

शिवाय कडक कागदपत्रांनी फसवणूक थांबते, हे गृहीतकही मला पटत नाही. अर्ज भरताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली : बोगस माणसाची फाइल नेहमी पूर्ण असते. त्याच्याकडे एजंट असतो, झेरॉक्स असतात, शिक्के असतात. अपुरी असते ती खऱ्या माणसाची फाइल. जिचं लग्न कुठे नोंदलंच गेलं नाही, जिच्या आधारवर जन्मतारीख अंदाजाने टाकली आहे, जिचं नाव रेशनकार्डावर एक आणि बँकेत दुसरं आहे. कागदांची चाळणी बारीक केली की अशी माणसं वर अडकतात आणि लबाड खाली निघून जातात.

हा संशय वरून खालपर्यंत यंत्रात भरला तर काय होतं, याची एक गोष्ट ऑस्ट्रेलियात घडली. ती इथे सांगतोय कारण आपल्याकडच्या फायली उघडत नाहीत, तिथल्या उघडल्या. शाही चौकशी आयोग बसला, अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या, कुणी कधी काय ओळखलं होतं ते जगासमोर आलं.

तिथे केंद्र सरकारचं 'मानवी सेवा' नावाचं खातं होतं. बेकारी भत्ता, विद्यार्थ्यांची मदत असे पैसे ते वाटायचं. २०१५ च्या सुमारास सरकारने ठरवलं, की ज्यांनी जास्त पैसे घेतले त्यांच्याकडून वसुली करायची आणि हिशोब संगणकाने करायचा. पद्धत सोपी होती. करखात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं, आणि त्याने दर पंधरवड्याला सांगितलेल्या कमाईशी ताडून बघायचं. फरक दिसला की थकबाकी. पण गरिबाची कमाई सारखी येत नाही. सहा महिने काम, सहा महिने रिकामं. रिकाम्या काळात त्याने घेतलेला भत्ता अगदी योग्य असतो, सरासरी काढली की तोच गुन्हा दिसू लागतो. आणि थकबाकी चुकीची आहे हे त्यानेच सिद्ध करायचं, पाच-पाच वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणून. पूर्वी माणसं वर्षाला सुमारे २० हजार प्रकरणं बघत. यंत्र आल्यावर आठवड्याला तेवढी निघू लागली. लोकांनी या प्रकाराला 'रोबोडेट' नाव दिलं.

अशा सरासरीला कायद्याचा आधार नाही, असा सल्ला सरकारच्याच वकिलांनी २०१४ मध्ये, योजना सुरू होण्याआधी दिला होता. तरी ती २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. शेवटी सुमारे ४ लाख ७० हजार थकबाक्या मागे घ्याव्या लागल्या. नोटिशींच्या धसक्याने काही तरुणांनी जीव दिल्याचं त्यांच्या आयांनी आयोगासमोर सांगितलं. न्यायमूर्ती राहिलेल्या कॅथरीन होम्स यांच्या आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला.

मला या गोष्टीत यंत्रापेक्षा माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. योजना सुरू झाली तेव्हा खात्याच्या सचिव होत्या कॅथरिन कॅम्पबेल. नंतर आल्या रेने लिऑन. लिऑन यांच्या काळात देशाच्या वरिष्ठ विधी अधिकाऱ्याचं मत घेतलं गेलं, ते विरोधात आलं, आणि काही आठवड्यांनी सरासरीची पद्धत थांबवली गेली. त्यानंतर लवकरच, डिसेंबर २०१९ मध्ये खात्यांची फेररचना झाली आणि ज्या सचिवांची पदं गेली त्यांत लिऑन होत्या. इथवर ऐकून त्या नायिका वाटतात. पण २०२४ मध्ये सरकारी सेवेच्या चौकशीत कॅम्पबेल आणि लिऑन, दोघींनीही आचारसंहितेचा भंग केल्याचा निष्कर्ष निघाला. थांबवणारीलाही उशिराचा हिशोब द्यावा लागला.

मला हा निष्कर्ष कठोर वाटतो आणि योग्यही. खात्याच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसलेल्याचा दोष बहुतेकदा क्रूरतेचा नसतो, न विचारण्याचा असतो. सल्ला कुठे आहे, तक्रारी किती आल्या, परत पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हे विचारलं नाही की खुर्ची सुखाची राहते. खालचा कारकून नियमाचं नाव सांगून सुटू शकतो. प्रमुखाला ती सोय नाही, कारण नियमाचा काटा त्याच्या हातात असतो.

काटा उलट्या बाजूलाही ठेवता येतो, आणि तसा तो आपल्याच देशात ठेवला गेलाय. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा घ्या. त्याच्या १५ व्या कलमात असं आहे, की हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजूर म्हणाला, तर ते तसं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. मजुराकडे कागद नसणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. कागद नसणं हाच त्याच्या गुलामीचा भाग होता.

आंध्र प्रदेशच्या समाजकल्याण खात्याचे सचिव राहिलेले एस. आर. शंकरन हे आयएएस अधिकारी. तो कायदा त्यांनी कपाटात राहू दिला नाही. वेठबिगारांपर्यंत जाऊन 'तुम्ही कायद्याने मोकळे आहात' असं सांगणारा हा सचिव त्यासाठी मुख्यमंत्र्यांची नाराजीही पत्करून बसला. मजूर पुरावा घेऊन कार्यालयात येईल, याची त्यांनी वाट पाहिली नाही. सरकार माणसाकडे गेलं.

महाराष्ट्रानेही एकदा या प्रश्नाला अस्सल उत्तर शोधलं होतं. वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमी योजना. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातल्या कामांवर एका वेळी जवळपास ५० लाख माणसं होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी लागू झाला. या योजनेचं मोठेपण मला असं दिसतं, की तिने 'तू खरंच गरीब आहेस का?' हा प्रश्नच काढून टाकला. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला काम द्यायचं, बस. गरिबी सिद्ध करण्यासाठी दाखला लागत नव्हता.

अर्थात हे उत्तर काकूंच्या कामाचं नाही. ज्यांच्या अंगात खडी फोडायचं बळ उरलं नाही, त्यांच्यासाठीच निराधार योजना आहे. पण तिथेही पुराव्याचं ओझं उचलायला सरकार जास्त समर्थ आहे. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद सरकारकडेच असते. जमीन आहे की नाही हे सातबाऱ्यावर असतं, तोही सरकारचाच. रेशनकार्ड सरकारचं, आधार सरकारचं. आपण एका म्हाताऱ्या बाईला सरकारच्या एका टेबलावरून कागद उचलून सरकारच्याच दुसऱ्या टेबलावर ठेवायला लावतो, आणि रिक्षाभाडं तिच्याकडून घेतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. तपासणी जरूर करावी, पण तपासणी होईपर्यंत पैसे चालू असावेत. नाव कापायचं तर कारण लेखी द्यावं, बाजू ऐकून घ्यावी, आणि अपात्र असल्याचं सिद्ध सरकारने करावं. चुकीच्या हातात गेलेले १,५०० रुपये परत मागता येतात. औषधाविना गेलेला महिना परत देता येत नाही. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून त्यांना घाबरणंही सारखं असू नये.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण या क्षणी एखाद्या अभ्यासिकेत बसले असतील, बाजूला एमपीएससीची पुस्तकं असतील. तुमच्यातले काही उद्या तहसीलदार होतील, एखादी जण कदाचित सचिवही होईल. सगळ्या योजनांची उत्पन्नमर्यादा तुम्हाला पाठ असेल. त्या टेबलावर बसाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक नोंदवही सुरू करा. आज कुणाला परत पाठवलं, कुठल्या कागदासाठी, आणि ते माणूस पुन्हा आलं का. जे आलं नाही, त्याच्या घरी महिनाअखेर कुणालातरी पाठवा. ही वही ठेवायला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. ती वही भरू लागली की तुमच्या हाताखालचा माणूस ओळखेल, की या कार्यालयात दुसऱ्या चुकीचीही विचारणा होते.